वाइल्ड गेम डिनर, मुलांची फिशिंग डर्बी आणि सुवार्ता: प्रत्यक्ष कामाची माहिती हवी आहे

ग्रँडरॅपिडकर

जय ख्रिस्त मंडळी.

मिशिगनमधल्या एका चर्चमध्ये दोन कार्यक्रम ठरले आहेत. फेब्रुवारीत शनिवारी संध्याकाळी वाइल्ड गेम डिनर, अंदाजे १५० माणसं. जूनच्या फ्री फिशिंग वीकेंडला (या दोन दिवसांत लायसन्सशिवाय मासे धरता येतात) तळ्यावर मुलांची फिशिंग डर्बी, म्हणजे गळाने मासे धरायचा कार्यक्रम, ४० मुलं, वय ४ ते १२. चर्च मुख्यतः स्थानिक शिकारी कुटुंबांचं आहे, पण त्याच इमारतीत भरणाऱ्या मराठी फेलोशिपकडे डिनरची दोन मोठी पातेली आणि डर्बीचं निम्मं काम आलं आहे.

ज्यांना ही पद्धत नवीन आहे त्यांच्यासाठी: हंगाम संपला की शिकारी मंडळी आपल्या फ्रीझरमधलं हरीण, टर्की, बदक, मासे घेऊन येतात. सगळे एकत्र जेवतात, सोडतीत बक्षिसं निघतात, कुठे कुठे बंदूकही, एखादा शिकारी पाहुणा बोलतो आणि बोलण्यात ख्रिस्ताची गोष्ट येते. रविवारी चर्चची पायरी न चढणारा माणूस या जेवणाला मात्र येतो, असा अनुभव असल्याने अमेरिकेत गावोगावी हे चालतं.

मला हवं आहे ते असं: मांस कुणाकडून आणि कसं घ्यायचं, किती शिजवायचं, तळ्यावर काय चुकतं, आणि बोलणं कुठे बसवायचं. "प्रार्थना करा, सगळं ठीक होईल" हे माहीत आहे, ते सोडून सांगा. :)

डीअरकॅम्प

पहिली गोष्ट पैशांची. जंगली प्राण्याचं मांस विकायला अमेरिकेत जवळजवळ सगळीकडे बंदी आहे. प्रवेशाला दहा डॉलरचं तिकीट लावलंत की तुम्ही जेवण विकलं की हरीण विकलं, हा वाद सुरू होतो. म्हणून प्रवेश फुकट, जागा मोजण्यासाठी नावनोंदणी, आणि दानपेटी ठेवलीच तर ती जेवणाच्या टेबलापासून लांब. काउंटीच्या आरोग्य खात्याला किमान सहा आठवडे आधी फोन करा. दान आलेलं, सरकारी तपासणी न झालेलं मांस सार्वजनिक जेवणात वाढायचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत आणि तात्पुरता परवाना लागू शकतो. परवान्याची प्रत स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवा.

बदक आणि हंस यांना १९१८ चा स्थलांतरी पक्ष्यांचा केंद्रीय कायदा लागतो. दात्याने ते आपल्या घरी साफ करून आणायचे आणि सोबत सही केलेली चिठ्ठी: नाव, पत्ता, कोणते पक्षी, किती, कोणत्या तारखेला मारले. न साफ केलेले पक्षी चर्चच्या फ्रीझरमध्ये बिनचिठ्ठीचे पडून राहिले तर वॉर्डन (शिकारीच्या नियमांचा अधिकारी) आल्यावर उत्तर चर्चला द्यावं लागतं. परराज्यातून आलेल्या एल्कचंही (मोठ्या जातीचं हरीण) तसंच. १९०० च्या लेसी कायद्यानुसार बेकायदा मारलेला प्राणी राज्याची हद्द ओलांडून आला की प्रकरण केंद्राकडे जातं. दात्याच्या शिकारीच्या टॅगचा नंबर लिहून घेण्यात कुणाचा अपमान नाही, खरा शिकारी स्वतःहून देतो.

आता सीडब्ल्यूडी, म्हणजे हरणांचा क्षयकारक मेंदूरोग. मिशिगनच्या जंगली हरणांत तो २०१५ मध्ये इंगम काउंटीत पहिल्यांदा सापडला. रोगकारक प्रिऑन (बिघडलेलं प्रथिन) शिजवून मरत नाही, त्यामुळे "चांगलं उकळू" हे उत्तर इथे चालत नाही. माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरणाचं मांस खाऊ नये असा सीडीसीचा (केंद्रीय आरोग्य संस्थेचा) सल्ला आहे. रोग आढळलेल्या काउंटीतलं हरीण असेल तर तपासणीचा निकाल हातात आल्यावरच मांस स्वीकारा. आणि फक्त हाडं काढलेलं घ्या. मणका, मेंदू, डोळे, लसिकाग्रंथी काहीही नको.

शिसं हा विषय बहुतेक चर्चं विसरतात. शिशाची गोळी रायफलमधून सुटून हरणात फुटली की डोळ्याला न दिसणारे कण जखमेपासून बऱ्याच लांबपर्यंत जातात, आणि खिमा करताना सगळीकडे मिसळतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या खिम्याचे एक्स-रे काढल्यावर हे उघड झालं आणि तिथल्या अन्नछत्रांना ते मांस वाटू नका असं सांगण्यात आलं. मुलं आणि गरोदर बायका जेवणार असतील तर खिमा तांब्याच्या गोळीने किंवा बाणाने मारलेल्या हरणाचाच घ्या. बाकीच्यांकडून अखंड मांड्या आणि पाठीचं मांस घ्या.

रस्त्यावर गाडीखाली आलेलं हरीण घेऊन कुणीतरी येतोच. नम्रपणे नाही म्हणा.

बॉटलमसाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता पातेल्याकडे येऊ.

पाच-सहा प्रकार असतील तर लोक प्रत्येकाची चव घेतात, ताटभर कुठलाच घेत नाहीत. १५० माणसांना चिलीसाठी ३० पौंड हरणाचा खिमा (एका पौंडात पाच वाट्या बसतात). सुक्यासाठी बिनहाडाचं २० पौंड. शिजून ते १४ पौंडांच्या आसपास उरतं, म्हणजे माणशी दीड औंस. मासे तळायचे असतील तर २० पौंड फिले. भात आणि पाव दोन्ही असल्यास १२ पौंड तांदूळ पुरतो. बिनमांसाचं छोले किंवा आमटी-भात किमान ३० जणांचं ठेवा, आणि त्याचा डाव वेगळा.

हरणाचं मांस मटणासारखं वाटतं, तसं वागत नाही. त्यात चरबी जवळजवळ नसते आणि जी असते ती मेणचट असते, थंड झाली की टाळूला चिकटते. ती सगळी काढून टाका. स्नायूवरचा चंदेरी पडदा सुरी आडवी धरून सोलून घ्या. "हरणाला उग्र वास येतो" अशी जी तक्रार ऐकू येते ती निम्म्याहून जास्त याच दोन गोष्टींची असते. दहा पौंडांना वाटीभर तेल जास्त घाला. खांद्याचं मांस प्रेशर कुकरला ३५ ते ४० मिनिटं, उघड्या पातेल्यात अडीच-तीन तास. पाठीचं मांस मात्र रश्श्यात घालून वाया घालवू नका, तव्यावर पटकन करा. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातला बॉटल मसाला हरणाला सुरेख लागतो: पौंडाला एक मोठा चमचा, थोडा व्हिनेगर, आणि मीठ शेवटी.

गोठलेलं मांस: फ्रिजमध्ये पाच पौंडांना एक दिवस धरा. वीस पौंडांचा एकच गोळा आला तर चार दिवस लागतात, शुक्रवारी रात्री आतून दगड निघतो आणि मग कुणीतरी तो सिंकमध्ये गरम पाण्यात टाकतं. दात्यांना आधीच सांगा की दोन-दोन पौंडांची चपटी पाकिटं करा.

तापमान काट्याने मोजा, रंगाने नाही. खिमा आणि रानडुक्कर १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस), पक्षी १६५ (७४ सेल्सियस). अस्वल आलं तर तेही १६०, मधोमध. अस्वलातल्या ट्रिकिनेला जंताचा उत्तरेकडचा प्रकार गोठवून मरत नाही, त्यामुळे "सहा महिने फ्रीझरमध्ये होतं" याला काही अर्थ नाही. वाढताना सगळं १४० च्या वर.

आणि वीज! शिकाऱ्यांच्या बायका घरून स्लो कुकर आणतात. एक कुकर साधारण २५० ते ३०० वॉट. १५ अँपिअरच्या एका सर्किटवर सतत १,४४० वॉटच्या वर जाऊ नये, म्हणजे चार, फार तर पाच. हॉलच्या एका भिंतीवरचे सगळे प्लग बहुधा एकाच सर्किटवर असतात. बारा कुकर ओळीने लावले की ब्रेकर उडतो, दिवे चालू असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तासाभराने जेवण कोमट. १८ क्वार्टचा मोठा रोस्टर असेल तर त्याला एक अख्खं सर्किट द्या. आदल्या दिवशी ब्रेकर एकेक पाडून कोणता प्लग कशावर आहे ते टेपवर लिहून चिकटवा.

आशाताई_टेक्सास

बॉटलमसाला यांनी एक मुद्दा सोडला, तो मराठी पाहुण्यांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे. खाटकाकडून आलेल्या हरणाच्या खिम्यात आणि सॉसेजमध्ये बहुतेकदा १० ते २० टक्के बीफची किंवा डुकराची चरबी मिसळलेली असते, कारण नुसता खिमा कोरडा होतो. पाकिटावर फक्त "व्हेनिसन" लिहिलेलं असतं. कुणा हिंदू किंवा मुसलमान शेजाऱ्याला "हे तर हरीण आहे" म्हणून वाढलं आणि नंतर कळलं, तर पुढची वीस वर्षं तो तुमच्या कुठल्याच कार्यक्रमाला येणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. दात्याला विचारा: चरबी घातली का, कसली, किती. माहीत नसेल तर ते पाकीट बीफच्या रांगेत.

प्रत्येक पातेल्यासमोर कार्ड हवं: प्राणी, राज्य, घातलेली चरबी, गोळी तांब्याची की शिशाची, दूध-गहू-शेंगदाणे. इंग्रजी आणि मराठी दोन्हीत. बायसनला "बफेलो" लिहू नका, आपल्या लोकांना म्हैस वाटते.

भोचक

वाचतोय. माहिती झकास आहे, पण एक काडी टाकतो.

मराठीत आमिष म्हणजे मांस आणि आमिष म्हणजे गळाला लावतात ते. दोन्ही अर्थ तुमच्या एकाच कार्यक्रमात बसले! फुकट जेवण, बंदुकीची सोडत, मुलांना गळ-काठी, आणि मग प्रवचन. भारतात "आमिष दाखवून" हे शब्द किती जड आहेत ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेत गेलं की ते हलके होतात का?

पागवाला

@भोचक, प्रश्न रास्त आहे, काडी म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

शुभवर्तमानात पेत्र आणि अंद्रिया मासे धरत होते ते पाग (फेकायचं जाळं) टाकून. मत्तय १३ मध्ये स्वर्गाच्या राज्याला उपमा दिली आहे ती ओढायच्या मोठ्या जाळ्याची, आपल्याकडची रापण. गळ आणि आमिष तिथे नाहीच. पाग टाकणारा कोळी माशाला खोटं खाद्य दाखवत नाही. त्यामुळे "माणसं धरणारे" याचा अर्थ गळ असा लावून वर जेवणाची लालूच जोडणं मला शास्त्राला धरून वाटत नाही.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच की पत्रकावर ठळक अक्षरांत लिहा: "जेवणानंतर येशू ख्रिस्ताविषयी २० मिनिटांचं भाषण आहे." किती वाजता ते सुद्धा लिहा, म्हणजे ज्याला जायचं त्याला आधी उठता येईल. डर्बीच्या पालकांच्या संमतीपत्रावर तीच ओळ. छुपं ठेवलं की माणूस येतो, पण फसवला गेलो असं वाटून जातो.

उत्तनकर

छोटी दुरुस्ती. मत्तय १७:२७. देवळाच्या कराचं नाणं माशाच्या तोंडात मिळतं तो मासा पेत्राने गळ टाकूनच काढला. म्हणजे गळ आहे, एकदाच आहे, आणि तोही कर भरायला.

पागवाला

मान्य. गरवणाऱ्यांची, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांची, बाजू राखलीत.

तळ्याकाठी

डर्बीवर सविस्तर लिहितो, कारण या धाग्यात सगळे मांसातच अडकले आहेत.

*मुलं आणि काठ.* ४० मुलं एकदम काठावर उभी करू नका. २०-२० च्या दोन पाळ्या, प्रत्येकी ४५ मिनिटं. दोन मुलांत दहा फूट अंतर, म्हणजे २०० फूट मोकळा काठ हवा, गवत कापलेला, मागे झाडं नसलेला. दर तीन मुलांमागे एक मदतनीस, शिवाय पालक. दोन माणसं अशी हवीत की ती गाठ सोडवणार नाहीत, मासा काढणार नाहीत, फक्त पाण्याकडे बघतील, हातात दोरीची फेकपिशवी घेऊन. जेट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक लहानग्याला लाइफ जॅकेट. सगळ्यांना साधे गॉगल. ऊन असो नसो, ते डोळ्यात गळ जाऊ नये म्हणून.

*काठ्या.* सात वर्षांखालच्यांना रीळ देऊच नका. दहा फुटी साधी काठी, दोरा काठीइतकाच लांब. फेकायचंच नसलं की मागच्याच्या कानात गळ जात नाही. मोठ्यांना बटण दाबायचं बंद रीळ, सहा पौंडी मोनो दोरा. डोक्यावरून फेकायला मनाई, बाजूने झुलवून सोडायचं.

*गळ.* इथे सगळे चुकतात. दुकानदार मोठा गळ देतो. जूनमध्ये काठाशी असतो तो ब्लूगिल, त्याचं तोंड शर्टाच्या बटणाएवढं. गळ मोठा असला की तरंगा नाचत राहतो, गांडूळ संपतं, मासा येत नाही, आणि मूल रडतं. ८ आणि १० नंबरचे लांब दांडीचे पातळ गळ घ्या, सगळ्यांचे टोकाजवळचे उलटे काटे आधीच पकडीने दाबून टाका. तरंगा एक इंची किंवा त्याहून लहान. दोन इंची गोळा पाण्यात ओढायला माशाला जोर लागतो आणि तो सोडून देतो. दोऱ्याला वजनासाठी एक बारीक गोळी, शिशाऐवजी टिनची. न्यू हॅम्पशायर, मेनसारख्या राज्यांत लहान शिसं वापरायला बंदीच आहे.

*गांडुळं.* अख्खं गांडूळ लावायचं नाही. पाऊण इंचाचा तुकडा, गळ झाकेल एवढाच, शेपूट लोंबती नको. एका मोठ्या गांडुळाचे तीन-चार तुकडे होतात, एका मुलाला आठ-दहा लागतात. ४० मुलांना दहा डझन पुरतात. थंड पेटीत सावलीला ठेवा, बर्फाला चिकटवून नको. तुकडे करणारा एक माणूस वेगळा नेमा, तो पाळी संपेपर्यंत दुसरं काही करणार नाही.

*खोली.* गळ दोन ते तीन फुटांवर. काठाजवळ तळाला ताटलीसारखे फिकट खळगे दिसले तर ती ब्लूगिलची घरटी आहेत, मुलांना त्याच्या बाहेरच्या कडेला बसवा. आधीच्या गुरुवारी, डर्बीच्याच वेळेला, त्याच जागी दोन काठ्या टाकून बघा. शेवाळ वाढलं असेल तर तेव्हाच कळतं.

मासे विकत आणून सोडायचा मोह होतो. खासगी तळं असेल तर मालक आणि हॅचरीशी (मत्स्यबीज केंद्राशी) बोला, जून तापलेला असेल तर ट्राउट नको, कॅटफिश घ्या. सार्वजनिक पाण्यात परवान्याशिवाय एकही मासा सोडायचा नाही.

*लायसन्स.* मिशिगनमध्ये १७ वर्षांखालच्यांना मासेमारीचं लायसन्स लागत नाही. फ्री फिशिंग वीकेंडला मोठ्यांनाही लागत नाही, म्हणून बाबाच्या हातात काठी देता येते. पण आकार, संख्या आणि हंगामाचे नियम त्या दोन दिवसांतही तसेच लागू राहतात. हे मदतनिसांना सांगा, नाहीतर कुणीतरी हंगामाबाहेरचा बास मासा बादलीत टाकतो.

मासा काढताना हात ओला. गळ गिळला असेल तर ओढू नका, दोरा कापा. खायचे असतील तर त्या पाण्याविषयीचा राज्याचा सल्ला आधी वाचा. २०१८ मध्ये हुरॉन नदीतले मासे पीएफएएस रसायनांमुळे खाऊ नका असं सांगितलं गेलं, आणि नदी दिसायला तर छान होती.

*गळ बोटात गेला तर:* काटा दाबलेला असेल तर उलट सरकवून येतो. नसेल तर गळाच्या वाकाला जाड दोरा अडकवायचा, दांडी त्वचेवर दाबून धरायची आणि दोरा त्वचेला समांतर एका झटक्यात ओढायचा. डोळा, पापणी, मान असेल तर हात लावायचा नाही, तसंच झाकून दवाखाना. धनुर्वाताच्या लशीची चौकशी पालकांकडे करा.

ग्रँडरॅपिडकर

@तळ्याकाठी, दंडवत. वाचनखूण साठवली.

पुढचा प्रश्न. चर्च ऑक्टोबरमध्ये "साइट-इन डे" ठेवतं: हंगामाआधी लोक आपापल्या रायफलची दुर्बीण जुळवायला येतात, कॉफी-डोनट असतात, गप्पा होतात. फेलोशिपमधले तरुण, बहुतेक एच-१बी वर, त्यांना यायचं आहे. काही अडचण?

कागदपत्रे

मोठी अडचण. थांबा.

केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला बंदी आहे. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळे यात येतात. रेंजवर मित्राची रायफल दोन मिनिटं हातात घेणं सुद्धा "बाळगणं" ठरू शकतं. अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेलं, मुदतीतलं शिकारीचं लायसन्स जवळ असलं तर चालतं. मासेमारीचं नाही. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (मिशिगनमध्ये १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी तो लागतो, शिकाऊ लायसन्सचा मार्गही आहे), मग लायसन्स, त्याची प्रत खिशात, मग रेंज. आणि त्याआधी इमिग्रेशन वकिलाला एक फोन. गुन्हा केंद्रीय आहे, चर्चच्या ओळखीने मिटत नाही. आयोजकाने दाराशीच विचारावं, आणि ज्यांच्याकडे लायसन्स नाही त्यांना धनुष्यबाणाच्या बाजूला पाठवावं. धनुष्य केंद्रीय कायद्यात बंदूक नाही.

डीअरकॅम्प

कागदपत्रे यांचं पाठ करून ठेवा.

धनुष्याला जोडून: मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी जेनेसिस नावाचं कंपाउंड धनुष्य येतं, ओढ १० ते २० पौंडांत बदलता येते आणि हाताच्या लांबीप्रमाणे वेगळं जुळवावं लागत नाही. एकच धनुष्य आठ वर्षांच्या मुलीपासून तिच्या आजोबांपर्यंत चालतं. (नाव "उत्पत्ती" आहे म्हणून चर्चं घेतात असं नाही, शाळाही तेच वापरतात.)

साइट-इनमध्ये वेळ कुठे जातो सांगतो. लोक थेट १०० यार्डांवर सुरू करतात, कागदावर गोळीच लागत नाही आणि वीस काडतुसं संपतात. आधी २५ यार्ड. पाव मिनिट ऑफ अँगलची दुर्बीण (म्हणजे बटणाच्या एका क्लिकला निशाण कोनाच्या पाव मिनिटाने सरकतं) असेल तर १०० यार्डांवर चार क्लिक म्हणजे साधारण एक इंच, २५ यार्डांवर त्याच एका इंचाला सोळा क्लिक. हे न कळल्यामुळे माणूस चार क्लिक फिरवतो आणि बंदूक बिघडली म्हणतो. तीन गोळ्यांचा गट बघून मगच फिरवा. प्रत्येक बाकाला एक अनुभवी माणूस, रेंजवर एकच हुकूम देणारा, लोक पुढे निशाण बघायला जाताना सगळ्या बंदुका उघड्या आणि चेंबरमध्ये झेंडी. चर्चच्या विमा एजंटकडून बंदुकीच्या कार्यक्रमाला संरक्षण आहे हे लेखी घ्या. पुष्कळ पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

भोचक

आणि सोडतीत बंदूक? २०१४ ला केंटकीत बॅप्टिस्ट मंडळींनी बंदुका वाटल्या त्याची बातमी जगभर गेली होती.

डीअरकॅम्प

हो, पॅड्युकातल्या चर्चच्या कार्यक्रमात २५ बंदुका होत्या. विजेत्याला तिथल्या तिथे बंदूक दिली नव्हती, दुकानात जाऊन पार्श्वभूमी तपासणी करून घ्यायची होती. कायदेशीर मार्ग तोच: परवानाधारक विक्रेत्याकडे बंदूक राहते, विजेता तिथे फॉर्म भरतो. सोडतीला राज्याचा परवाना लागतो का ते वेगळं तपासा.

माझं मत विचाराल तर नको. बंदुकीसाठी आलेला माणूस चिठ्ठी निघेपर्यंत बसतो आणि निघतो. चांगली सुरी, थर्मास, सीटची गादी, हरणासाठी खाटकाचं कुपन ठेवा. आणि झाडावरच्या मचाणासाठी पूर्ण अंगाचा हार्नेस! मचाणावरून पडून दरवर्षी शिकारी जायबंदी होतात, आणि हार्नेस विकत घ्यायला मात्र कुणी तयार नसतं.

आशाताई_टेक्सास

भाषणाबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

सगळी बक्षिसं भाषणानंतर ठेवली तर लोकांना कोंडल्यासारखं वाटतं, सगळी आधी दिली तर हॉल रिकामा होतो. निम्मी आधी, निम्मी नंतर. भाषण २० मिनिटं, २५ च्या वर गेलं की मागची टेबलं कुजबुजू लागतात. वक्ता स्वतः शिकारी हवा. वाऱ्यावरून हरणाला लागणाऱ्या वासाबद्दल एक वाक्य चुकीचं बोलला की १५० माणसांनी त्याचं पुढचं ऐकणं सोडलं म्हणून समजा. शिकारीच्या गोष्टीला दहा मिनिटं, शास्त्राला दहा. बायबलमधले शिकारी निम्रोद आणि एसाव सगळेच घेतात. त्यापेक्षा लेवीय १७:१३ घ्या: शिकाऱ्याने रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकायचं. ज्याने स्वतः प्राणी सोलला आहे त्याला ते वचन समजावून सांगावं लागत नाही, आणि तिथून क्रुसापर्यंतची वाट फार लांब नाही.

"डोळे मिटा, हात वर करा" नको. टेबलावर कार्ड आणि पेन्सिल ठेवा. रकाने: शिकार शिकायची आहे, हरीण दान करायचं आहे, बायबल अभ्यासाला यायला आवडेल, आजारपणासाठी कुणी भेटावं, काही नको, जेवण छान होतं. शेवटचा रकाना असला की बाकीचे खरे भरले जातात. फोन तीन दिवसांत, आणि ज्याने जो रकाना भरला त्याबद्दलच. शिकार शिकायची म्हणणाऱ्याला बायबल अभ्यासाचा फोन केलात तर त्याने दिलेला नंबर फुकट गेला. त्याला नोव्हेंबरमध्ये मचाणावर शेजारी बसवा, चार तास गप्प बसल्यावर माणसं आपणहून बोलतात.

हरीण दान करणाऱ्यांसाठी १९९७ मध्ये मेरीलँडमध्ये सुरू झालेली फार्मर्स अँड हंटर्स फीडिंग द हंग्री ही ख्रिस्ती संस्था आहे. खाटकाचा खर्च देऊन मांस अन्नछत्रांना पोचवतात. त्यांची पद्धत बघून ठेवा.

विरारची_पोरगी

वसई-विरारकडे असं काही करता येईल का? आमच्या पॅरिशच्या युवकांना आवडेल.

उत्तनकर

शिकार विसरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ससा मारणं सुद्धा तुरुंगाचं काम आहे. गरवण्याचा दिवस करता येईल, पण तळं किंवा धरणाचा जलाशय मच्छीमार सोसायटीच्या ठेक्यात असतो, त्यांची लेखी परवानगी घ्या. दर्यावर जायचं असेल तर पावसाळ्याची बंदी सोडून. बाकी तळ्याकाठी यांचं सगळं लागू, फक्त ब्लूगिलच्या जागी तिलापिया.

ग्रँडरॅपिडकर

सगळ्यांचे आभार, यादी छापून भिंतीवर लावतो. शेवटची शंका, डर्बीत प्रार्थना आणि छोटा बोध कुठे बसवू? पास्टरांना सुरुवातीला काठावरच हवं आहे.

तळ्याकाठी

बोध काठावर नको. दोन पाळ्यांच्या मध्ये, सावलीत, हातात खाण्याची ताटली असताना, पाच-सात मिनिटं. योहान २१ सांगा: रात्रभर काही मिळालं नाही, मग १५३ मासे, आणि काठावर निखाऱ्यावर भाजलेली न्याहारी. ज्या मुलांना मासा मिळाला नाही ती सगळ्यात नीट ऐकतात. पुस्तिका मुलांच्या हातात देऊ नका, पाण्यात जातात. पालकांना निघताना द्या, संमती असेल तर मुलाच्या माशाबरोबरच्या फोटोसोबत.

प्रार्थना अगदी सुरुवातीला, गळ वाटायच्या आधी. वीस मुलांच्या हातात गळ असताना एकाही मोठ्या माणसाने डोळे मिटायचे नाहीत, पास्टरांनीसुद्धा.